मराठी दिसते, पण शोधल्यावर सापडत नाही: जुने फॉन्ट आणि युनिकोडचा वाद नेमका काय आहे?

समजा, कांद्याच्या अनुदानाचा एखादा जुना शासन निर्णय तुम्हाला तपासायचा आहे. पीडीएफ समोर उघडी आहे. त्यात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दहा ठिकाणी दिसतोय. शोधपट्टीत तोच शब्द टाइप केला, तर उत्तर येतं: काहीही सापडलं नाही. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत दिवसभर कानावर पडणारा हा शब्द संगणकाला मात्र ओळखता येत नाही.

असं होण्याची मुख्यतः तीन कारणं असतात. पहिलं, ते पान म्हणजे मजकूर नसून नुसतं चित्र असतं. दुसरं, मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. आणि तिसरं, मजकूर युनिकोडमध्ये असूनही त्यातला ‘ऱ्या’ तुम्ही टाइप केलेल्या ‘ऱ्या’पेक्षा वेगळ्या पद्धतीने साठवलेला असतो.

मराठी मजकूर कोणत्या पद्धतीने साठवावा, यावर गेली पंचवीस-तीस वर्षं वाद सुरू आहे. डीटीपी करणारे, वर्तमानपत्रं, सरकारी कार्यालयं, विकिपीडियावर लिहिणारे आणि सॉफ्टवेअर तयार करणारे अशी सगळी मंडळी त्यात आहेत. हा वाद फक्त तंत्रज्ञांचा वाटला, तरी मतदार यादी, शासन निर्णय आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांची पुस्तकं, या सगळ्यांशी त्याचा थेट संबंध आहे.

संगणक अक्षर कसं लक्षात ठेवतो?

संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. त्यामुळे प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो. क्रमांकांच्या अशा तक्त्याला एनकोडिंग म्हणतात. १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार झालेल्या ‘ॲस्की’ या तक्त्यात १२८ जागा होत्या आणि त्या इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चिन्हांमध्ये संपल्या. मराठीसाठी तिथे काहीच उरलं नव्हतं.

मग आपल्याकडे एक युक्ती निघाली. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक ठेवायचे, पण पडद्यावर आणि कागदावर त्या जागी मराठी अक्षराचं चित्र दाखवायचं. हीच जुन्या फॉन्टची पद्धत.

उदाहरणार्थ, ‘कृतिदेव’ या फॉन्टमध्ये ‘नाशिक’ टाइप केलं की फाइलमध्ये साठतं ते असं: यू, के, एफ, एकेरी अवतरणचिन्ह, के, डी. तो फॉन्ट संगणकावर असेल तर तुम्हाला ‘नाशिक’ दिसेल. नसेल तर ही सहा इंग्रजी चिन्हं दिसतील. फाइलच्या लेखी ‘नाशिक’ असा काही शब्दच नाही.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘शि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी दिसते, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये ती आधी साठवली जाते आणि ‘श’ नंतर. आपण उच्चार मात्र ‘श’ आणि मग ‘इ’ असा करतो. रफाराचंही तसंच. ‘कर्म’ म्हणताना ‘र’ हा ‘म’च्या आधी येतो, पण रफार दिसतो ‘म’च्या डोक्यावर, म्हणून जुन्या फॉन्टमध्ये तो ‘म’नंतर साठतो. थोडक्यात, जुने फॉन्ट दिसण्याचा क्रम पाळतात, उच्चाराचा नाही. दोन पद्धतींमध्ये मजकूर फिरवताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

मग प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा का झाला?

भारतीय भाषांसाठी एकच तक्ता हवा, हे सरकारला लवकर लक्षात आलं होतं. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली ‘इस्की’ हे मानक जाहीर केलं. पुण्याच्या सी-डॅकने त्यावर आधारित साधनंही तयार केली. पण छपाईच्या धंद्यात चालणारं पेजमेकरसारखं सॉफ्टवेअर इंग्रजीसाठी बनलेलं होतं. मात्रा कुठे बसवायची, जोडाक्षर कसं जुळवायचं, हे त्याला कळत नव्हतं. त्यामुळे अक्षरांचे तयार तुकडे फॉन्टमध्येच भरणं हा सोपा मार्ग ठरला.

पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं ‘श्री-लिपी’, बंगळुरूहून आलेलं ‘आकृती’, सी-डॅकचे ‘सुरेख’सारखे फॉन्ट, शिवाय ‘शिवाजी’, ‘कृतिदेव’ असे कितीतरी फॉन्ट रूढ झाले. ‘क’चा अर्धा भाग कोणत्या जागी ठेवायचा, हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं. एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडला की अक्षरांचा काला होई. अशा काल्यासाठी जपानी भाषेत ‘मोजिबाके’ असा खास शब्द आहे. आपल्याकडे त्याला साधारणपणे ‘फॉन्ट फुटला’ म्हणतात.

युनिकोडने काय बदललं?

१९९१ सालीच युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक द्यायचा, ही त्यामागची कल्पना. देवनागरीला १२८ जागांचा एक सलग भाग मिळाला. त्याची मांडणी ‘इस्की’च्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली होती.

युनिकोडमध्ये ‘नाशिक’ म्हणजे न, काना, श, ऱ्हस्व वेलांटी, क. पाच चिन्हं, उच्चाराच्या क्रमाने. वेलांटी ‘श’च्या आधी दाखवायची की नंतर, हे काम फॉन्टचं आणि सॉफ्टवेअरचं. फॉन्ट बदलला तरी फाइलमधला शब्द ‘नाशिक’च राहतो.

याची किंमतही होती. इंटरनेटवर सर्वाधिक चालणाऱ्या ‘यूटीएफ-८’ या प्रकारात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरी अक्षराला तीन. म्हणजे कृतिदेवमध्ये सहा बाइटमध्ये मावणारं ‘नाशिक’ इथे पंधरा बाइट घेतं. डायल-अप इंटरनेटच्या दिवसांत हा आक्षेप खरा होता. आज एका फोटोच्या जागेत अख्खी कादंबरी मावते, त्यामुळे तो मागे पडला. पण साध्या एसएमएसमध्ये अजून फरक जाणवतो. इंग्रजी संदेशात १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०.

विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ हा फॉन्ट आला आणि सामान्य माणसाच्या संगणकावर युनिकोड मराठी पोहोचली. २००३ च्या महाराष्ट्र दिनी मराठी विकिपीडिया सुरू झाला. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक ठरवलं. पुढे स्मार्टफोन आले आणि व्हॉट्सॲपवर लिहिणारा प्रत्येक जण, नाव माहीत नसतानाही, युनिकोड वापरू लागला.

मग जुने फॉन्ट अजून का टिकलेत?

‘युनिकोड चांगलं, जुने फॉन्ट वाईट’ असं म्हणून विषय संपत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही ऐकायला हवं.

नाशिकमधल्या डीटीपीच्या दुकानातलं काम डोळ्यांसमोर आणा. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, पतसंस्थेचा वार्षिक अहवाल, दिवाळी अंक. या कामात फाइल शोधता येण्यापेक्षा ती सुबक दिसणं आणि वेळेत छापून होणं महत्त्वाचं असतं. जुन्या फॉन्टमध्ये वळणदार अक्षरांचे शेकडो प्रकार होते. युनिकोडमध्ये बराच काळ मोजकेच फॉन्ट मिळत होते. पेजमेकरला युनिकोड मराठी कधीच धड कळली नाही. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय झाली ती २०१२ च्या सुमाराला. नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं तर खर्च, आणि रेमिंग्टन कळफलकावर बोटं बसलेल्या माणसाला इनस्क्रिप्ट शिकवायचं तर काही महिने कामाचा वेग निम्मा.

शिवाय वीस-पंचवीस वर्षांच्या जुन्या फाइली आहेत. त्या बदलून घेण्याचे पैसे ग्राहक देत नाही.

म्हणजे युनिकोडचा फायदा वाचणाऱ्याला, शोधणाऱ्याला आणि समाजाला होतो, पण बदलाचा खर्च टाइप करणाऱ्याच्या खिशातून जातो. हा वाद इतका लांबला, त्याचं खरं कारण हे आहे.

दरम्यान, दोन्ही जगांच्या मधोमध उभा असलेला माणूस रोज त्रास सोसतो. मजकूर व्हॉट्सॲपवरून युनिकोडमध्ये येतो, छपाईसाठी तो जुन्या फॉन्टमध्ये फिरवावा लागतो, त्यात रफार आणि वेलांट्या इकडेतिकडे होतात आणि मुद्रितशोधन पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं. छापून झाल्यावर तोच मजकूर संकेतस्थळावर टाकायचा, तर पुन्हा उलटा प्रवास.

युनिकोड आल्यावर वाद मिटला का?

नाही. तो युनिकोडच्या आत शिरला. मराठीपुरते तीन मुद्दे महत्त्वाचे आहेत.

पहिला ‘ॲ’चा. ‘ॲप’, ‘ॲम्ब्युलन्स’ यांतलं हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर लोक ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहीत, कुणी त्यात न दिसणारं जोडचिन्ह घालत, तर कुणी हिंदीतलं ‘ऍ’ वापरत. पहिले दोन प्रकार डोळ्यांना ‘ॲ’सारखेच दिसतात, पण यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं मानक आता ‘अ’वर चंद्र जोडू नका असं सांगतं. तरी जुना मजकूर आहे तसाच आहे.

दुसरा मुद्दा ‘शेतकऱ्यांना’मधल्या ‘ऱ्या’चा. हा अर्धा र मराठीची खासियत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या, हा फरक त्याच्यावरच उभा आहे. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक, नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. दोन, साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पहिली रीत ‘इस्की’शी जुळणारी आहे. दुसरी युनिकोडच्या जुन्या आवृत्तीतल्या मजकुरासाठी चालू ठेवलेली आहे. ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘शेतकर्‍यांना’ हे या लेखात सारखेच दिसतील, पण त्यांच्या आतले क्रमांक वेगळे आहेत. साधी शोधपट्टी एका रीतीने शोधत असेल, तर दुसरी तिला सापडणार नाही.

तिसरा मुद्दा ‘ल’ आणि ‘श’च्या वळणाचा. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ लिहिण्याची पद्धत आहे, हिंदीत वळण वेगळं. युनिकोडने दोघांनाही एकच क्रमांक दिला आणि वळण फॉन्टवर सोपवलं. महाराष्ट्र सरकारने २००९ च्या शासन निर्णयात वर्णमाला प्रमाणित केली आणि २०२२ मध्ये ती अद्ययावत करताना मराठी वळणाचा आग्रह धरला. मात्र हा प्रश्न फॉन्टचा आहे. वळण बदलल्याने शोधात काही बिघडत नाही. पहिल्या दोन मुद्द्यांचं तसं नाही.

इतर भाषांनी काय केलं?

हे भांडण एकट्या मराठीचं नाही. मल्याळममध्ये शेवटी येणाऱ्या अर्ध्या व्यंजनांसाठी, म्हणजे ‘चिल्लू’ अक्षरांसाठी, स्वतंत्र क्रमांक द्यायचे की नाहीत यावर वर्षानुवर्षं वाद झाला. २००८ च्या ज्या आवृत्तीने मराठीला ‘ॲ’ दिला, तिनेच मल्याळमला चिल्लू अक्षरं दिली. पण आधीची पद्धतही वापरात राहिली, त्यामुळे तिथेही एका शब्दाची दोन रूपं झाली.

तामिळनाडूत आक्षेप थेट युनिकोडच्या रचनेवरच होता. प्रत्येक बाराखडीतल्या अक्षराला स्वतंत्र जागा देणारी ‘टेस-१६’ ही पद्धत तिथल्या अभ्यासकांनी मांडली. २०१० मध्ये राज्य सरकारने युनिकोड आणि टेस-१६ अशा दोन्हींना मान्यता दिली.

सर्वांत अवघड स्थिती म्यानमारची होती. तिथला ‘झॉजी’ हा लोकप्रिय फॉन्ट युनिकोडचेच क्रमांक वापरत होता, पण वेगळ्या अर्थाने. त्यामुळे एका फोनवरचा संदेश दुसऱ्या फोनवर वाचता येईना. शेवटी सरकारने १ ऑक्टोबर २०१९ ही बदलाची तारीख ठरवली. मोठ्या कंपन्यांनी मजकूर कोणत्या पद्धतीत आहे हे आपोआप ओळखून बदलणारी साधनं दिली. एक ठरलेली तारीख आणि रूपांतराची फुकट सोय, या दोन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा काम पुढे सरकलं.

याचा फटका कुणाला बसतो?

मतदार यादीचं उदाहरण घ्या. २०२५ मध्ये राहुल गांधी यांनी यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात याद्या देण्याची मागणी केली. त्याच वर्षाच्या अखेरीस महाराष्ट्रात स्थानिक निवडणुकांच्या तोंडावर दुबार नावांवरून विरोधकांनी रान उठवलं. हा प्रश्न न्यायालयात आधीच गेला होता. २०१८ मध्ये मध्य प्रदेश आणि राजस्थानच्या याद्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने शोधता येणारी यादी देण्याचा आदेश द्यायला नकार दिला. हवं असेल तर पक्षाने स्वतः मेहनत घेऊन यादी तशी करून घ्यावी, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. आयोगाचा मुद्दा मतदारांच्या खासगीपणाचा आणि माहितीच्या गैरवापराचा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

पण यादी शोधता येण्याजोगी मिळाली, तरी तेवढ्याने भागणार नाही. एका प्रभागात ‘बोऱ्हाडे’ हे आडनाव एका रीतीने आणि दुसऱ्या प्रभागात ‘बोर्‍हाडे’ दुसऱ्या रीतीने टाइप झालं असेल, तर दुबार नाव शोधणारा संगणक त्यांना दोन वेगळी माणसं समजेल. उलट, या फरकाची जाण ठेवून तुलना केली तर ती एकच नोंद असल्याचा संशय लगेच पुढे येईल. म्हणजे यादी कोणत्या स्वरूपात मिळते याइतकंच, ती कोणत्या रीतीने टाइप होते हेही महत्त्वाचं आहे.

दुसरा फटका दृष्टिहीन वाचकांना. पडदा वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर युनिकोड मराठी बोलून दाखवतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर ती इंग्रजी अक्षरांसारखा वाचतात, म्हणजे ‘नाशिक’ऐवजी ‘यू, के, एफ...’. नाशिकमध्ये १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. दूरस्थ शिक्षण घेणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या बाबतीत पुस्तकाची फाइल कोणत्या पद्धतीत आहे, यावर तो ते स्वतः वाचू शकेल की दुसऱ्याकडून वाचून घेईल, हे ठरतं.

तिसरा फटका आपल्या नोंदींना. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. तेव्हाचं पुस्तक हातात आलं तर ते आजही वाचता येतं. मात्र १९९८ ची पेजमेकर फाइल उघडायला तेच सॉफ्टवेअर आणि तोच फॉन्ट लागतो. एखाद्या छोट्या मुद्रकाचा संगणक भंगारात गेला की ती फाइल संपली. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. दर २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, भाषेच्या भवितव्यावर भाषणं होतात. पण भाषांतराची आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं मराठी शिकतात ती यंत्राला वाचता येणाऱ्या मजकुरावरून. १९९० नंतरच्या काळात टाइप झालेला मराठी मजकूर जितका जुन्या फॉन्टमध्ये किंवा चित्रांत अडकलेला असेल, तितका तो या साधनांच्या दृष्टीने नसल्यासारखाच.

मग मार्ग काय?

छापणाऱ्यांना जुने फॉन्ट सोडायला लावणं हा एकमेव मार्ग नाही. छपाई कोणत्याही फॉन्टमध्ये होऊ दे, पण अंतिम मजकुराची एक युनिकोड प्रत जपून ठेवायची, एवढी अट सरकारी कामांच्या आणि अनुदानित पुस्तकांच्या कंत्राटात घालता येईल. त्या कामाचा मोबदलाही कंत्राटातच धरला, तर खर्च एकट्या डीटीपीवाल्याच्या माथी बसणार नाही.

फॉन्टची अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ किंवा एक टाइपचा ‘मुक्त’ यांसारखे युनिकोड फॉन्ट मोफत मिळतात.

‘ॲ’ आणि ‘ऱ्या’ यांचं उत्तर टाइप करणाऱ्यावर सोडण्यात अर्थ नाही, कारण कळफलक कोणती रीत वापरतो हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. शासन निर्णय, मतदार याद्या आणि जमिनीच्या नोंदी ज्या यंत्रणांमध्ये भरल्या जातात, त्यांनीच मजकूर साठवताना एकच रीत करून घ्यावी आणि शोधताना सगळ्या रीती एक मानाव्यात. हे काम सॉफ्टवेअरला अवघड नाही. काही ओळींचा नियम पुरतो.

आणि जे आज घरी बसून करता येईल, ते असं: संस्थेचा अहवाल, स्मरणिका किंवा दिवाळी अंक छापून घेत असाल, तर मुद्रकाकडून पीडीएफसोबत मजकुराची युनिकोड फाइलही मागून घ्या. ती उघडून त्यात गावाचं नाव आणि एखादा ‘ऱ्या’ असलेला शब्द शोधून पाहा. सापडला, तर तो मजकूर वीस वर्षांनीही कुणाच्या तरी उपयोगी पडेल.